कोलडोंगरीच्या चोपन्न पायऱ्या

नाशिक,
18 जानेवारी 2026

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

पंचवटीने रात्री सुखरूप पोचले हे फोनवर कळवलंच. पण जे खरं बोलायचं होतं ते फोनवर होत नाही. मी विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई भाजी निवडायला बसते. म्हणून लिहायला घेतलं.

आई, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुझा पाय घसरला तेव्हा मी घरात होते, म्हणून मला कळलं. नसते तर तू सांगितलं असतंस का? "मुका मार आहे गं" म्हणत तू तशीच कठड्याला धरून उभी होतीस आणि दुसऱ्या हातातली दुधाची पिशवी सोडायला तयार नव्हतीस. तुझी बोटं गार पडली होती. निघायच्या दिवशी उतरताना मी पायऱ्या मोजल्या. 54. शाळेत असताना दोन-दोन गाळून उतरायचो, तेव्हा कधी मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

इमारत नवी होईल, लिफ्ट येईल, या आशेवर तुम्ही बारा वर्षं काढलीत. दोन बिल्डर आले, चकचकीत नकाशे दाखवून गेले, दुसऱ्याने तर पेढेही वाटले होते. मग उंचीच्या ना-हरकत दाखल्याशी गाडी अडली. आपण मुंबई विमानतळाच्या धावपट्टीच्या इतके जवळ की मजले वाढवता येत नाहीत, आणि मजले वाढले नाहीत तर विकायला फ्लॅट उरत नाहीत. मग आपली घरं बांधून द्यायला कोण पुढे येणार? ती उंचीही समुद्रसपाटीपासून मोजतात, त्यामुळे जमीन जितकी चढावर तितके मजले कमी. सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर, फनेल झोनमधल्या, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या, कितीतरी सोसायट्यांची हीच कथा आहे. बाबा, मीटिंगमध्ये काहीजण म्हणतात की नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, आता इथली विमानं तिकडे जातील. तिथून 25 डिसेंबरला उड्डाणं सुरू झाली हे खरं. पण त्यामुळे आपली धावपट्टी कुठे उठून जात नाही, आणि ती आहे तोवर उंचीची अट आहे. ही वाट बघणं आता सोडून द्या, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्या विमानतळावर माझा राग नाही. आपलं सगळं त्याच्याच जिवावर झालं. बाबा सांताक्रूझला लागले, मग 1981 साली सहारचं टर्मिनल सुरू झालं तसे तिकडच्या कार्गोत गेले. आमची शिक्षणं, ताईचं लग्न, तो तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक, सगळं त्या रात्रपाळ्यांतून आलं. आणि आपलं घर म्हणजे तर अर्ध्या गावाची धर्मशाळा होती. कोणी मस्कतला, कोणी दुबईला निघालेला, त्याला पोचवायला आठ माणसं. विमान पहाटे, म्हणून सगळे आदल्या रात्रीच आपल्याकडे. आई, रात्री दोन वाजता तुझ्या स्टोव्हवर पिठलं रटरटत असायचं आणि तू उभ्याने पोळ्या लाटत असायचीस. त्या जाणाऱ्या मुलाच्या ट्रंकेला नायलॉनची दोरी बांधलेली, वर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव. त्याची आई त्या नावावरून हात फिरवत बसायची, पुसलं जाणार नाही ना हे बघत. ते मला अजून दिसतं. आजूबाजूची माणसं विमानतळ म्हटलं की प्रवास म्हणतात. मला आधी तुझं पिठलं आठवतं.

नंतर सगळं बदलत गेलं. 2005 च्या 26 जुलैला मिठी नदी फुगली, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, आणि तळमजल्यावरची दोन्ही कुटुंबं चार दिवस आपल्याकडे राहिली. 2014 मध्ये नवं टी-टू टर्मिनल झालं, सहारला वरून जाणारा रस्ता आला. आता भुयारी मेट्रोला सहार रोड नावाचं स्टेशनही आहे. बाहेरच्या माणसाला विमानतळ जवळ आला. तुम्हाला मात्र खालचा वाणीही लांब पडायला लागलाय.

बाबा, 2020 चा मार्च आठवतो? 25 तारखेला देशातली विमानंही थांबली ती 25 मेपर्यंत. लोक म्हणत होते, किती शांत वाटतंय, पक्षी ऐकू येतात. तुम्ही मात्र पहाटे तीनला फोन केलात, "झोप येत नाही गं, फार शांत आहे." पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्ट्या दुरुस्तीला सहा तास बंद ठेवतात, त्या दुपारीसुद्धा तुम्ही गच्चीवर येरझाऱ्या घालता, हे आईने सांगितलंय. आणि 22 एप्रिल 2024 ला एअर इंडियाचं शेवटचं जंबो मुंबईतून कायमचं गेलं, तेव्हा गुडघे दुखत असताना तुम्ही वर गेलात. पंख हलवून निरोप देत गेलं ते. खाली येऊन तुम्ही वहीत एक ओळ लिहिलीत आणि त्या दिवशी जेवला नाहीत. म्हणून सांगते, तुम्ही काय सोडून यायचं आहे हे मला कळतं. कळत नसतं तर इतकी वर्षं गप्प बसले नसते.

पण आता या. घर विकू नका, कुलूप लावून या. मे अखेरपर्यंत राहा, मग ठरवू. इथली खोली तळमजल्यावर आहे, अंगणातून आत यायला एकच पायरी, तिलाही कठडा लावून घेतलाय. संडासात धरायला दांडी बसवली. थंडी सध्या फार आहे, निफाडकडचा पारा रोज पेपरात असतो, पण रजया नव्या भरून घेतल्यात आणि महिन्याभरात ऊब येईल. आई, लोकमान्य सेवा संघातल्या व्याख्यानांना जाणं तू गुडघ्यांपायी सोडलंस. इथे सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, तुझं कार्ड मी काढून ठेवते. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळी रिक्षाने दहा मिनिटं. धाकट्याने येवल्याहून पतंग आणि आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, आणलीय, संक्रांत झाली तरी आजोबांसाठी एक पतंग राखून ठेवलाय. कोलडोंगरीच्या गच्चीवरून आम्हाला कधी पतंग उडवू दिला नाहीत तुम्ही. विमानतळाजवळ मनाई होती आणि तुम्ही नियमाचे पक्के. इथे तुम्हीच त्याला शिकवा.

शनिवारी 31 तारखेला आम्ही दोघं गाडी घेऊन येतो. आई, तुला खुर्चीत बसवून खाली आणायचं आहे, शेजारची दोन मुलं आणि जावई मिळून उचलतील. त्यात संकोच करू नकोस. लग्न करून आलीस तेव्हापासून त्या घरात तूच सगळ्यांचं उचललंस. गॅसचा वाल्व्ह, पासबुकं, गोळ्यांचा डबा एवढं आठवणीने बघा. तुळस गाडीत पुढे ठेवू. बाकी सगळं इथे आहे.

आणि बाबा, ती वही आणा. ओझरहून सुखोई निघालं की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. परवा फोनवर तुम्हाला तो आवाज गेला आणि तुम्ही लगेच विचारलंत, "उतरतंय की चढतंय?" मला सांगता आलं नाही.

तुमची,
धाकटी