झाकण उघडून पाहायचं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पर्यावरण, पाणी आणि सौरऊर्जेच्या सरकारी आराखड्याची बातमी वाचली. तेव्हापासून डोकं शांत नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. यापुढे मोठ्या गृहसंकुलांना पर्जन्यजल संधारण, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं, बंधनकारक करणार, हे वाक्य मी तीनदा वाचलं. यापुढे म्हणजे काय? आमची इमारत उभी राहिली तेव्हाही ते बंधनकारकच होतं. इमारत राहायला योग्य ठरवणाऱ्या आमच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या कागदांत तसं स्वच्छ लिहिलेलं आहे.

मी घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीची चार वर्षं खजिनदार आहे. टँकरची बिलं माझ्याच हातून जातात. गेल्या वर्षी मे महिन्यात दहा हजार लिटरचे ६४ टँकर आले आणि १ लाख ६० हजार रुपये गेले. त्या महिन्याच्या अखेरीस मी कमिटीत म्हटलं की पाऊस तोंडावर आलाय, तो संधारणाचा खड्डा एकदा साफ करून घेऊ. आमचा प्लंबर पहिल्यापासून सोसायटीची कामं करतो. तो म्हणाला, "मॅडम, त्या खड्ड्यात मी कधी उतरलोच नाही."

पार्किंगच्या मागे, जनरेटरच्या शेजारी ते झाकण आहे. चारी बाजूंनी सिमेंटने पक्कं लिंपलेलं होतं. वॉचमन आणि प्लंबर दोघांनी पहारीने कड फोडली, तेव्हा वीस मिनिटांनी ते हललं. आत काय असावं? विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे आणि दगड झालेल्या सिमेंटच्या दोन गोण्या. खडी नाही, वाळू नाही आणि ज्या बोअरमध्ये पाणी मुरायचं ती बोअर तर नाहीच. गच्चीवरून आलेला पाइप खड्ड्यात एक वळण घेऊन समोरच्या भिंतीतून थेट रस्त्याच्या गटारात गेलेला. मी घरी येऊन नकाशा काढला. नकाशात बोअर आहे, गाळणीचे थर आहेत, खाली शिक्का, सही आणि तारीखही आहे. ज्याने सही केली त्याने झाकण उचललं नव्हतं, हे त्या लिंपलेल्या कडेवरून कोणालाही कळेल. मला त्या दिवशी खरोखर रडू आलं. इतकी वर्षं आम्ही दर पावसाळ्यात ते पाणी गटारात सोडत होतो आणि दर उन्हाळ्यात विकत घेत होतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची ६०० चौरस मीटर. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे १५ लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी १२ लाख लिटर, म्हणजे १२० टँकर उरतात. जमिनीत मुरवलेलं सगळं परत मिळत नाही हे मलाही समजतं. पण निम्मं मिळालं तरी एका मे महिन्याचे टँकर जवळजवळ सुटतात.

संबंधित कार्यालयात मी तीनदा गेले. अर्जावर आवकचा शिक्का मिळाला आणि विकासकाशी बोला असं सांगण्यात आलं. विकासकाच्या माणसाने इमारत ताब्यात दिली, आता आमचा संबंध नाही, असं सांगून फोन ठेवला. शेवटी आम्हीच वर्गणी काढून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खड्डा रिकामा केला, खडी-वाळू भरली आणि गच्चीचं पाणी आवारातल्या जुन्या बोअरला जोडलं. फेब्रुवारीतच आटणारी ती बोअर यंदा एप्रिलच्या मध्यापर्यंत चालली. मे महिन्यात टँकर ६४ वरून ३८ वर आले.

ठाण्याला रोज मिळणारं पाणी सुमारे ५८५ दशलक्ष लिटर. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चौघांकडून ते येतं. यातलं भातसा धरणाचं पाणी शहापूर तालुक्यातून येतं. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं माहेर त्याच तालुक्यात. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं तिथलीच, आणि तरी ताईंच्या पाड्यावर मार्चपासून टँकरची वाट पाहतात. त्यांची आई सत्तरीच्या पुढची, हंडा घेऊन रांगेत उभी राहते. आमच्यासाठी उद्या मुरबाडला काळू धरण बांधा म्हणायचं, तिथली गावं आणि जंगल पाण्याखाली घालायचं आणि आमच्या गच्चीवरचं पाणी मात्र गटारात, हे मला पटत नाही. २०१७ साली उच्च न्यायालयाने याच घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना पाण्याच्या कारणावरून रोखलं होतं. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, ते या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. त्यांच्या खड्ड्यांची झाकणं कोणी उघडून पाहिली?

सौरऊर्जेचंही तेच. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीला सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणून आम्ही लिफ्ट आणि पंपासाठी पॅनल बसवले. त्याला पाच महिने झाले. पॅनलची वीज बिलातून वजा करणारा नेट मीटर अजून लागलेला नाही. अनुदानही त्यामुळे अडकलंय, बिल आधीइतकंच येतं आणि दर सभेत मला त्याबद्दल विचारलं जातं. नव्या आराखड्यात आणखी गच्च्यांवर पॅनल बसवायचे आहेत म्हणे. आधी जे बसलेत त्यांना मीटर द्या.

माझी मागणी एवढीच आहे की नवे नियम करण्याआधी गेल्या दहा-पंधरा वर्षांत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींचे खड्डे प्रत्यक्ष उघडून तपासा आणि जिथे काही नाही तिथला खर्च बांधणाऱ्याकडून वसूल करा. आपण आपला प्रतिनिधी पाठवावा. उघडताना काढलेले फोटो आणि शिक्क्याचा नकाशा, दोन्ही माझ्याकडे आहेत. शेजारच्या दोन सोसायट्याही आपापलं झाकण उघडायला तयार आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत आलात तर बरं.

– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे (प.)