घराची पुंजी आणि गाडीची हौस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला कागद मी चार दिवस जवळ ठेवला होता. एका बाजूला गाडीत करायच्या बदलांची यादी आहे आणि मागच्या बाजूला घराचा हिशेब आहे. गाडीच्या यादीत पार्टचे क्रमांक आहेत, चाकांची मापे आहेत, दोन गॅरेजांनी सांगितलेल्या मजुरीतला फरकसुद्धा आहे. घराच्या हिशेबात मात्र तीनच ओळी आहेत: किंमत, डाउन पेमेंट आणि मासिक हप्ता. हा फरक पाहून काळजी वाटली, म्हणून फोनवर घाईने बोलण्याऐवजी सविस्तर लिहायला बसलो.

गाडीवरचा खर्च बंद कर, असे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगतो. मागच्या खेपेला तू चाक उतरवून जमिनीवर बसला होतास आणि ब्रेक पॅड किती उरले आहेत ते मला बोटाने दाखवत होतास, तेव्हाचा तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. दिवसभर डोके शिणवणारी नोकरी करणाऱ्या माणसाला हाताने करायचे असे एखादे काम हवेच. माझे म्हणणे एवढेच आहे की तुझ्या यादीत दोन वेगळ्या जातींचे खर्च एकत्र झाले आहेत. एक हौसेचा आणि दुसरा गाडी सुरक्षित ठेवण्याचा. घर घेण्याच्या वर्षात ते वेगळे केले नाहीत, तर एक तर घर हातून निसटते किंवा गाडी धोक्याची होते. मी या दोन्ही चुका केल्या आहेत आणि त्या तुला आजवर नीट सांगितलेल्या नाहीत.

आपले घर घेण्याच्या वर्षभर आधी मी गाडीला नवी चाके घातली, म्युझिक सिस्टिम बसवली आणि संपूर्ण रंगकाम करून घेतले. हातात तेवढे पैसे नव्हते, म्हणून कर्ज काढले. हप्ता लहान होता आणि पगारातून सहज जात होता, त्यामुळे तो लक्षातही राहत नसे. पुढे घराच्या कर्जासाठी कागदपत्रे दिली, तेव्हा समोरच्या माणसाने सर्वांत आधी तो चालू हप्ता वजा केला आणि उरलेल्या उत्पन्नावर किती कर्ज बसते ते काढून दाखवले. आम्ही पसंत केलेल्या घराला ते पुरले नाही. तुझ्या आईने त्या घराची खिडकीसुद्धा मनात ठरवून ठेवली होती, जिच्यापाशी तुझे अभ्यासाचे टेबल ठेवायचे होते. आम्ही एक खोली कमी असलेले घर घेतले, आणि तू शाळेची सगळी वर्षे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून अभ्यास केलास.

तेव्हा मला जे गणित ठाऊक नव्हते, ते तुला सांगतो. कर्ज देणारे लोक उत्पन्नाचा ठरावीक हिस्साच सगळ्या हप्त्यांसाठी मिळून धरतात. समज, व्याजाचा दर वार्षिक ९ टक्के आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जात मुद्दलाच्या प्रत्येक १००० मागे महिन्याला साधारण ९ इतका हप्ता येतो. त्याच दराने पाच वर्षांचे कर्ज घेतले, तर मुदत लहान असल्यामुळे प्रत्येक १००० मागे हप्ता २०.७६ होतो. म्हणजे गाडीसाठी १००० उचलले की हप्त्यांची जेवढी जागा अडते, तेवढ्या जागेत घराचे सुमारे २३०० बसले असते. शिवाय अशा किरकोळ कर्जाचा दर सहसा गृहकर्जाहून चढा असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फटका याहून मोठा असतो. क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी घेतलेली वस्तूही याच खात्यात मोडते. म्हणून घराच्या कर्जाचा अर्ज मंजूर होऊन पैसे प्रत्यक्ष दिले जाईपर्यंत गाडीसाठी एकही गोष्ट उधारीवर घेऊ नकोस, मग ती कितीही सवलतीत मिळत असली तरी. या एका बाबतीत मी वडीलकीचा हक्क वापरतो आहे.

गृहकर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत पैशाला किती मोल असते, तेही बघ. वरच्याच उदाहरणात पहिल्या हप्त्याच्या ९ पैकी ७.५ व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम १.५ ने उतरते. निम्मे मुद्दल फिटायला चौदा वर्षे लागतात. उलट, कर्ज सुरू होतानाच मुद्दलाचा दहावा हिस्सा जास्तीचा भरता आला आणि हप्ता मात्र तेवढाच ठेवला, तर २४० हप्त्यांऐवजी सुमारे १८६ हप्त्यांत कर्ज संपते. साडेचार वर्षे वाचतात. तुझ्या यादीतली चाके, सायलेन्सर आणि सीट तीन वर्षांनी घेतलीस तरी तशीच मिळतील. साडेचार वर्षे वाचवण्याची ही संधी मात्र तीन वर्षांनी इतक्या स्वस्तात मिळणार नाही.

आता माझी दुसरी चूक. घर लहान घ्यावे लागले याचे मला इतके वाईट वाटले की त्यानंतर मी गाडीवर खर्च करणेच थांबवले. टायर झिजून खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकले होते, आणि ब्रेक ऑइल चार वर्षे बदललेले नव्हते. पुढच्या पगाराला बघू, असे म्हणत राहिलो. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तुला घेऊन घरी येताना वळणावर ब्रेक दाबला, आणि गाडी वळण न घेता सरळ घसरत गेली. ती रस्ता सोडून चिखलात रुतली म्हणून थांबली. एका दगडी खांबापासून अंतर दोन हातांचे होते. तू मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसला होतास आणि मी मुद्दाम गाडी थांबवली असे समजून शांतपणे बाहेर बघत होतास. ही गोष्ट मी तुझ्या आईलासुद्धा कितीतरी वर्षे सांगितली नव्हती.

तेव्हापासून टायर, ब्रेक, स्टिअरिंग आणि खड्ड्यांचे धक्के जिरवणारे शॉकअप यांचा खर्च मी हौसेत धरत नाही. घराच्या छपराची गळती काढणे आणि गाडीचे टायर बदलणे यांना मी एकाच रांगेत बसवतो. घरासाठी पैसे साठवताना हा खर्च कधीही कापू नकोस.

या नजरेने मी तुझी यादी पुन्हा वाचली. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे बघ. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि खाचा शिल्लक दिसल्या तरी त्याचे रबर कडक झालेले असणार. चांगले टायर हाच गाडीतला सर्वांत मोठा बदल असतो, कारण ब्रेक, वेग आणि वळण या सर्वांचा जोर शेवटी रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबरावरच येतो. तेव्हा टायर आधी घे, पण सध्याच्याच मापाचे. पंधरा इंची चाकावर १८५/६५ मापाचा, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद आणि रुंदीच्या ६५ टक्के उंच भिंतीचा टायर असताना ती भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. तू लिहिलेल्या सतरा इंची चाकावर २०५/४५ चा टायर घातला, तर ती ९२ वर येते. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, हे तू बरोबर काढले आहेस, परंतु खड्ड्याचा धक्का झेलणारे रबर तेवढे कमी होते आणि रिमला पोक येण्याची भीती वाढते. मोठी चाके वजनालाही बहुधा जड पडतात. पुढे एखादे चाक वाकले, तर त्याचा खर्च नेमका घराच्या हप्त्याच्या महिन्यात येईल.

ब्रेकच्या मोठ्या डिस्कचा विचार तूर्त सोड. पॅड चांगल्या प्रतीचे घे आणि ब्रेक ऑइल बदल. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहते. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी त्याच मानकात किमान १५५ अंशच धरलेले आहेत. घाटात सलग ब्रेक लागले की हा फरक पायाखाली कळतो. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च मोठ्या डिस्कच्या मानाने अगदीच किरकोळ आहे.

शॉकअपविषयी थोडे जास्त लिहितो, कारण तिथे तुझे मन गुंतले आहे. गेल्या वर्षी तू गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्यास, पण शॉकअप जुनेच ठेवलेस. अशा जोडीत शॉकअप लवकर थकतात आणि तसेच झाले आहे. आता तू उंची बदलता येणारा महागडा संच घेऊ म्हणतोस. माझे मत असे आहे की मूळ स्प्रिंगा पुन्हा बसवाव्यात, त्यांच्यासोबत कंपनीच्या मापाचे नवे शॉकअप घालावेत, झिजलेले बुश, म्हणजे सांध्यांमधली रबरे, बदलावीत, आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. गाडी तुला नव्यासारखी वाटेल आणि त्या संचाचे उरलेले पैसे घराकडे वळतील.

इंजिनच्या रीमॅपला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याला, मात्र माझा साफ नकार आहे. टर्बो इंजिनची ताकद त्याने वाढते, हे मला ठाऊक आहे. पण वाढलेली ताकद क्लच प्लेटवर आणि गिअरबॉक्सवर जाते, आणि एका खर्चामागून दुसरा उभा राहतो. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. ज्या वर्षी डोक्यावर घराचे कर्ज असेल, त्या वर्षी असा धोका घेण्याची तुझी ऐपत नाही. सायलेन्सर, सीट आणि म्युझिक सिस्टिम या गोष्टी थांबू शकतात. गाडी विकताना त्यांचे पैसे परत येतील, या हिशेबावर तर मुळीच विसंबू नकोस.

घराची यादी पूर्ण करायला मात्र वेळ दे. नोंदणीचा खर्च आणि सरकारी शुल्क, कागदपत्रे तपासणाऱ्या वकिलाची फी, कर्जाचे प्रक्रिया शुल्क, विमा, सामान हलवणे, वायरिंग आणि नळांची दुरुस्ती, नवे घर ताब्यात येईपर्यंत चालणारे जुन्या घराचे भाडे, हे सगळे डाउन पेमेंटच्या वर लागते आणि बहुतेक रोखीनेच द्यावे लागते. घराच्या किमतीच्या एक टक्का रक्कम दरवर्षी देखभालीसाठी धरावी, असा ठोकताळा लोक वापरतात. जुन्या घराला तोही अपुरा पडू शकतो. कर्जाचा दर बदलता असेल, तर ९ वरून १० टक्के झाल्यावर १००० मागचा हप्ता ९ वरून ९.६५ होईल, तोही सोसता येतो का ते आताच पाहा. आणि हे सगळे दिल्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासह हातात उरला पाहिजे. तो उरत नसेल, तर घर थोडे पुढे ढकल. माझ्यासारखे कुठून तरी कापून ते बसवू नकोस.

घर बघताना एक गोष्ट तू लिहिलेली नाही, ती मी घालतो. गाडी उभी करायला वर छप्पर, जवळ विजेचा पॉइंट आणि जॅक लावण्याजोगी सपाट फरशी मिळते का, हे जरूर बघ. तुझ्या यादीतल्या सगळ्या वस्तूंपेक्षा ही जागा तुझ्या गाडीला जास्त वर्षे उपयोगी पडेल, आणि मजुरीही वाचेल. त्यासाठी घराच्या किमतीत थोडे जास्त मोजावे लागले तरी चालेल, असे मला वाटते.

सूनबाईला तू ही गाडीची यादी दाखवली आहेस का, हे मला पत्रावरून कळले नाही. घराच्या पुंजीत तिचाही पगार जातो. तिच्यासोबत बसून दर महिन्याची एक रक्कम गाडीच्या हौसेसाठी ठरवा, लहान असली तरी चालेल, आणि ती वेगळ्या खात्यात टाकत जा. त्या रकमेतून काय घ्यायचे हे तुझे तू ठरव. त्यावर कोणी बोलणार नाही, मीही नाही. टायर आणि ब्रेकचे पैसे मात्र त्या खात्यातून न घेता घरखर्चातूनच काढायचे, हे तिलाही सांग आणि पावसातली ती संध्याकाळही सांग. माझ्या वेळी मी हप्त्याची गोष्ट तुझ्या आईपासून लपवली नव्हती, पण समजावूनही सांगितली नव्हती, आणि कर्जाच्या टेबलापाशी तिला ती पहिल्यांदा नीट कळली. तिने मला एक शब्दही विचारला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्या सुट्टीला या, तेव्हा गाडीच घेऊन ये. शॉकअपचे काम आपण दोघे मिळून करू. स्प्रिंग दाबण्याचा क्लॅम्प तेवढा भाड्याने आण, कारण ते काम जुगाड करून करण्यासारखे नाही. खाली बसणाऱ्या स्प्रिंगा विकू नकोस. त्यांना तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळ. मी माळ्यावरची उजवीकडची जागा रिकामी करून ठेवली आहे.

तुझे,
बाबा