रॉकेट उतरताना मोडले तर चौकशी हवीच

मा. संपादक,

उपग्रह कक्षेत पोचला, मग रिकामे रॉकेट उतरताना मोडले तर तोटा कंपनीचा. सरकारने त्यात कशाला पडावे, असा सूर ऐकू येतो. असे म्हणणाऱ्यांनी २ मार्च २०२५ची घटना पाहावी. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, अटलांटिकमधल्या तरंगत्या फलाटावर व्यवस्थित उभा राहिला. सुमारे ४५ सेकंदांनी तळाशी आग भडकली, बाजूचा पत्रा उडाला, एक पाय मोडला आणि बूस्टर कलंडला. कंपनीचाच खुलासा असा, की उड्डाणानंतर ८५व्या सेकंदाच्या सुमारास एका मर्लिन इंजिनात इंधन गळून तापलेल्या भागांवर उडू लागले होते. वर हवा विरळ म्हणून ते पेटले नाही. खाली ऑक्सिजन मिळताच पेटले. मोडले उतरल्यावर, बिघडले चढताना! अंतराळवीरही याच जातीच्या रॉकेटवरून जातात.

ऑगस्ट २०२४मध्ये २३व्या फेरीचा बूस्टर असाच आडवा झाला, तेव्हा एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या हवाई व अंतराळ उड्डाणांच्या नियामक संस्थेने, चौकशी लावली आणि दोनच दिवसांत, चौकशी सुरू असतानाच, उड्डाणे मोकळी केली. ही ढिलाई नव्हे. ‘लोकांना धोका होता का’ हा प्रश्न तिथे ‘का मोडले’ यापासून वेगळा काढतात. पहिल्याचे उत्तर लवकर मिळते. दुसऱ्याचा शोध कंपनी घेते, एफएएच्या देखरेखीखाली. खटकते ते एवढेच, की अहवाल सहसा कंपनीच्या कपाटात राहतो.

आपल्याकडे इस्रोचे पुन्हा वापरता येणारे पंखवाले चाचणीयान ‘पुष्पक’ चित्रदुर्गच्या बंदिस्त चाचणीक्षेत्रात तीनदा उतरले. शेवटी, जून २०२४मध्ये, ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने. उद्या खासगी बूस्टर समुद्रात उतरवायचे झाले, तर परवानगी इन-स्पेस या केंद्राच्या अंतराळ-परवाना संस्थेची, पण १९७२च्या दायित्व करारानुसार परदेशातल्या जमिनीवरची भरपाई भारत सरकारची. म्हणून अंतराळ कायद्यात स्पष्ट लिहावे: उतरल्यावर लागलेली आगही ‘अपघात’च, टेलिमेट्री (उड्डाणात रॉकेटने पाठवलेली मोजमापे) आणि अवशेष तत्काळ सील, अहवालाचा गोषवारा जाहीर.

गोव्यासमोर आज बूस्टर उतरत नाहीत, पण नियम अख्ख्या किनाऱ्याला लागतील. धोक्याच्या क्षेत्राचे अक्षांश-रेखांश इंग्रजीत छापून जेटीवर डकवल्याने तांडेलाला काय कळणार? मालिम असो वा कुटबण, ट्रॉलरमध्ये बर्फ भरण्याआधी ती सूचना बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर कोकणी-मराठीत आली पाहिजे, आणि क्षेत्र मोकळे झाल्याचीही.

— एक वाचक, वास्को