चि. विनायकास पत्र

चि. विनायक यास, आईचे अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी आप्पांशी बोलताबोलता तू फोन ठेवलास. तेव्हापासून ते गप्प आहेत. सकाळी मागावर बसतात ते जेवायला हाक मारल्याशिवाय उठत नाहीत. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, "आई, तुला नाही कळणार" म्हणतोस, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच.

दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलला तू आपल्या सगळ्या पैठण्या लावल्यास आणि माल पुरावा म्हणून इथल्या मागांना आगाऊ पैसे वाटलेस, हे मला रुक्मिणीवहिनीकडून कळलं. एवढे पैसे आणलेस कुठून? पण ते राहू दे, आधी दुसरं बोलायचं आहे.

हिशेब तूच मला शिकवलास, तोच मांडते. शंभर रुपयांच्या मालात खर्च जाऊन आपले तीस. वीस टक्के सूट दिली की उरले दहा. म्हणजे पहिल्याइतकंच मिळवायला एका साडीच्या जागी तीन विकायच्या. त्या दहातून कुरियर, परत आलेल्या मालाचं भाडं, आणि त्या सेलवाल्यांचा कट वेगळाच. कारखान्यात तीनपट माल काढता येतो. रुक्मिणीवहिनी तीनपट हात कुठून आणणार? पदराला रंगागणिक धागा गुंडाळलेली वेगळी तिल्ली, मोराच्या मानेत हिरवा कुठं सोडायचा आणि निळा कुठं धरायचा ते धागे मोजून. एका मुनियाच्या, म्हणजे पोपटाच्या, साध्या पदराची साडी उतरायलाही आठवडे जातात, भरल्या पदराची तर सहा-सहा महिने मागावर असते. मागच्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता तुझी तारीख गाठायची म्हणून ती रात्री बल्बखाली बसते. तुला सांगणार नाही ती. तुझ्यावर तिची माया फार.

तू म्हणतोस, सेलमध्ये नाही गेलं तर आपलं नाव मागच्या पानावर ढकलतात, कुणाला दिसतच नाही. खरं असेल ते. पण सूट निघते कुठून ते बघ. रेशीम बंगळूरहून येतं, तो व्यापारी दिवाळी आहे म्हणून एक रुपया सोडत नाही. जालन्याला 2018 ला कोषांचा बाजार सुरू झाला, आपल्याकडचे शेतकरी तुती लावायला लागले, तरी धागा होऊन, पीळ देऊन, रंगून येईपर्यंत आपल्याला भाव तोच. चांदी चढली की जरीचा भाव चढतो. उरली काय, मजुरी. तू मजुरी कापत नाहीस, माहीत आहे मला. पण हप्ता डोक्यावर असला की चांगल्या माणसाचाही हात तिकडंच जातो.

हप्ता म्हटलं बघ. विचारायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुझ्या आजोबांनी 1972 ला घर चालवायला सावकाराकडून पैसे उचलले होते. आधी आजीच्या पाटल्या गेल्या, मग माग गेला, आणि ते जायकवाडीच्या कामावर माती वाहायला गेले. रेशमाचा धागा बोटांनी ओळखणारा माणूस. पुढं तुला खांद्यावर घेऊन धरणावर जायचे, "हा बांध आम्ही घातला" म्हणून दाखवायचे. अभिमान होताच त्यांना. पण घरात पुन्हा माग उभा राहीपर्यंत ते पैठणीच्या दुकानावरून कधी गेले नाहीत, गल्ली बदलून जायचे. आप्पा परवा तुझ्यावर ओरडले ते सूट दिलीस म्हणून नाही रे, यावरून.

बरं, तू काय केलंस ते मला दिसत नाही असं समजू नकोस. आधी सहलीची गाडी यायची तेव्हा ड्रायव्हर आणि गाईड यांचा वाटा काढून मगच आपल्या हाती पैसा पडायचा. तू त्यातून सोडवलंस. नागपूरच्या बाईंनी मुलीच्या लग्नातला फोटो पाठवला, मी विणलेली वेलफुलांची असावली तिच्या अंगावर, तो मी अख्ख्या गल्लीला दाखवला. म्हणूनच जीव तुटतो. एक वाटेकरी गेला आणि तुझ्या फोनमधून दुसरा आला, आणि हा तर भावही स्वतःच ठरवतो.

गेल्या सेलमधली जांभळी आठवते? नेसून, फोटो काढून परत पाठवली होती कुणीतरी. घडी मोडलेली साडी नवी म्हणून कोण घेतं? शेवटी सुलूआत्याला दिली.

मला वाटतं ते सांगते, पटलं तर घे. सेलमध्ये पर्स, उपरणी, काठाचे पाऊच लाव, त्यांना रेशीम कमी आणि दिवस कमी. हातच्या साड्या काढून घे. दोन हजारांत पॉवरलूमची साडी पैठणी म्हणून शेजारी दिसते, तिच्याशी भावात झुंजू नकोस. साडी उलटी करून दाखव. आपल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच असते, मशीनच्या पदराला मागं धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. 2010 ला पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लिही. आणि आपला हंगाम तुळशीच्या लग्नानंतरचा. लग्नाची साडी माणसं पैसे साठवून घेतात. दिवाळीत एकदा वीस टक्के सोडलेत असं दिसलं की तीच माणसं पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतील.

लांबलं. तू शहाणा आहेस, मी आपली बोलत सुटते, रागावू नकोस. जेवण वेळेवर कर. बाळूच्या मुंजीला येशील ना? आप्पांना तूच फोन कर, ते करणार नाहीत.

तुझी आई

ता.क. कर्ज बँकेचं आहे की कुणा माणसाचं, आणि व्याज महिन्याचं आहे की वर्षाचं, एवढं तरी कळव. वहिनीच्या बार्शीच्या भावाच्या नादाला लागून घेतलं असशील तर आजच सांग. माझ्याकडं भिशीचे आहेत, पोस्टातलेही काढता येतील. आप्पांना कळू देणार नाही.