त्या रविवारी फोन का केला नाही

न्यू ऑर्लिन्स
31 मार्च 2019

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

आई, जानेवारीत त्या रविवारी माझा फोन आला नाही म्हणून तू काळजीत होतीस. मी डोकं दुखत होतं म्हणाले, ते खोटं होतं. मी रडत होते. सेंट्स, म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ, हरले होते.

20 जानेवारीची मॅच, इथल्याच सुपरडोममध्ये. जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, जाणार. मी शेजारच्या आजींकडे बघत होते. त्यांच्या अंगात आपल्या ड्रू ब्रीसची, पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूची, 9 नंबरची जर्सी, टेबलावर कार्निव्हलचा किंग केक. सुरुवातीला आपण 13-0 पुढे होतो. शेवटी मात्र 20-20, दोन मिनिटांहून कमी वेळ, आणि बॉल आपल्याकडे, समोरच्या रॅम्स संघाच्या गोलरेषेपासून 13 यार्डांवर.

बाबा, हे तुम्हाला लगेच कळेल. कबड्डीत शेवटच्या मिनिटाला शहाणा चढाईपटू मध्यरेषेजवळ दम घुमवत तीस सेकंद खेळून काढतो ना? इथे तसं करायचं तर बॉल घेऊन धावायचं. घड्याळ चालू राहतं, नाहीतर समोरच्याला टाइमआउट खर्चावा लागतो. पास जमिनीवर पडला की घड्याळ आपोआप थांबतं. आपण पहिल्याच डाउनला, म्हणजे पहिल्याच प्रयत्नाला, पास टाकला, आणि तो पडला. मी तेव्हाच ओरडले, ‘अरे, धावा ना!’

मग तिसरा डाउन. ब्रीसने उजव्या कडेला टॉमिली लुईसकडे पास टाकला. रॅम्सच्या बचावपटूने बॉलकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉल पोचायच्या आत तो हेल्मेटसकट लुईसवर आदळला. फाउल दिला की पंच पिवळं फडकं टाकतो; आजी त्याची वाट बघत अर्ध्या उभ्या राहिल्या होत्या. पंच जवळच होता. फडकं पडलंच नाही. पडलं असतं तर आपण घड्याळ जवळजवळ संपवून शेवटची किक मारली असती. त्याऐवजी लगेच किक मारून 23-20 झालं आणि रॅम्सच्या हाती 1 मिनिट 41 सेकंद उरले. त्यांनी बरोबरी केली, आणि जादा वेळेत 57 यार्डांवरून किक मारून 26-23 ने जिंकले.

आजी कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. केक कुणी कापला नाही.

नंतर लीगच्या कमिशनरनीही मान्य केलं की फाउल द्यायला हवा होता. सुपर बोलच्या दिवशी अर्धं गाव बँड घेऊन रस्त्यावर आलं, दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरचं पहिलं पान जवळजवळ कोरं होतं. आता गेल्या आठवड्यात संघांच्या मालकांनी 31 विरुद्ध 1 मतांनी नियम बदलला: असा फाउल, दिला असो वा नसो, पुन्हा व्हिडिओत तपासता येईल. चांगलंच झालं. पण आमची मॅच गेली ती गेलीच.

इथे सगळे फक्त पंचांना शिव्या देतात. मलाही त्यांचा राग आहेच, तो जाणार नाही. पण पहिल्या डाउनचा तो पास माझ्या मनातून हलत नाही, कारण तो तर आपल्याच हातात होता. हे इथे कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

बाबा, तुम्ही गावच्या स्पर्धांना इतकी वर्षं पंच होतात. दादाला तो प्ले मोबाइलवर लावून द्यायला सांगा, आणि पंचाच्या जागी तुम्ही काय दिलं असतंत ते मला कळवा. आई, तुझ्या गुडघ्याचंही लिही.

तुमची,
ताई