तात्यांनू, तुमच्या कातळाने माझं अडलेलं काम सोडवलं

ती. स्व. तात्यांस,
शि. सा. नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलून पन्ह्याचा पेला पुढे केला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

गेल्या मे महिन्यात देवगडला आले तेव्हा माझं काम पार अडलं होतं. दीर्घिका आकाशात घोळक्याने राहतात. घोळका किती दाट, हे कळायला आम्ही जोड्या मोजतो: अमुक अंतरावर दीर्घिकांच्या किती, आणि त्याच भागात स्वैर टाकलेल्या ठिपक्यांच्या किती. सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर जोड्या जेमतेम एक टक्का जास्त भरतात. विश्व कोवळं होतं, तेव्हा पहिल्या ३ लाख ८० हजार वर्षांत तापलेल्या वायूतून ध्वनिलहरी धावल्या, त्यांचा हा ठसा. २००५ साली तो पहिल्यांदा स्पष्ट सापडला. त्याचीच पट्टी लावून विश्व कसकसं प्रसरण पावलं आणि कोणतं प्रारूप टिकतं, हे तपासता येतं. माझ्या आलेखात मात्र लांबच्या अंतरांवर जोड्या भरमसाट येत होत्या आणि तो नाजूक उंचवटा त्यात बुडाला होता. तयार ठिपके मिळतात, पण मला ते स्वतः टाकून बघायचे होते.

त्या सकाळी तुमच्याबरोबर कलमं मोजत होते. तुमची ती लांब पानांची वही, कलमागणिक एक फुली. मी म्हटलं, विहिरीकडे केवढी दाटी आहे, वरच्या अंगाला काहीच नाही! तुम्ही पानावरच्या कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवलीत.

"थंय कातळ आसा गो. झाडां रवतली खंय?"

तात्या, मी तिथेच थबकले. तेजस्वी ताऱ्यांच्या आसपासचा भाग सर्वेक्षणातून वगळलेला असतो. तिथल्या दीर्घिका यादीत येतच नाहीत. मी ठिपके मात्र तिथेही टाकले होते. कातळ लागवडीत धरला की उरलेली बाग आहे त्याहून दाट वाटणारच.

रात्री ते ठिपके काढून जोड्या पुन्हा मोजायला लावल्या. दोनदा लाईट गेली. पहाटे आलेख खाली बसला आणि ५० कोटींपाशी छोटासा उंचवटा उभा राहिला. मी आईला उठवून दाखवला.

गणपतीत येतेय. आलेख छापून आणते, तुमच्या वहीत ठेवायला.

तुमची,
शेजारची पोर