शून्य आलं तर येऊ दे

राजेंद्रनगर, इंदूर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एवढा खटाटोप करून शेवटी शून्यच हाती लागणार." तेवढ्यात आईने पार्सलचा विषय काढला आणि बोलणं राहून गेलं.

अगं, तुम्ही प्रयोगात शोधता तो इलेक्ट्रॉनचा विद्युत डायपोल मोमेंट, म्हणजे त्याचा भार किंचित एका बाजूला सरकलेला असणं, आजवर कुणालाच सापडलेला नाही, मान्य. पण "असलाच तर याहून लहान" ही रेघ 2002 मध्ये थॅलियमच्या अणूंवर जिथे होती, तिथून 2023 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या मंडळींनी सुमारे 400 पट खाली आणली. हाफ्नियम फ्लोराइडचे आयन (भारित रेणू) सापळ्यात धरून, तीन-तीन सेकंद त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनची फिरकी, म्हणजे स्पिन, टिकवून. विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का नाही, याचं उत्तर देऊ पाहणारे कितीतरी सिद्धांत हा आकडा मोठा सांगत होते. ते या रेघेने अडचणीत आणले. हे काय रिकाम्या हाताचं काम झालं?

तुमच्या प्रयोगातल्या थोरियम मोनॉक्साइडच्या रेणूंबद्दल तू पाठवलेलं वाचलं. रेणूच्या आत इलेक्ट्रॉनला सेंटीमीटरला 7800 कोटी व्होल्टच्या आसपास विद्युत क्षेत्र मिळतं, हे वाचून थक्क झालो. बाहेरून एवढं कोण लावणार! पण खरी दाद दिली ती दुसऱ्याच गोष्टीला. बाहेरचं क्षेत्र तसंच ठेवून, नुसत्या लेसरने, उलट्या तोंडाचे रेणू निवडता येतात. आमच्या पीथमपूरच्या टूलरूममध्ये लेथचा बेड तपासताना स्पिरिट लेव्हल उलट टोकाने फिरवून पुन्हा ठेवायचो. बुडबुडा दोन्ही वेळा लेव्हलच्याच एका टोकाकडे गेला तर दोष लेव्हलचा, मशीनच्या एका बाजूला राहिला तर मशीन कललेलं. न फिरवता घेतलेलं रीडिंग आमचे उस्ताद वहीत लिहूच देत नसत. तुम्ही रेणू फिरवता. रीडिंगमधला चुंबकीय क्षेत्राचा भाग तसाच राहतो, डायपोलचा असेल तेवढाच चिन्ह बदलतो. फिरवाफिरवी तीच, फक्त तुमचा बुडबुडा दिसत नाही.

आणि ते आकड्यात आधीच एक गुप्त संख्या मिसळून ठेवणं! म्हणजे विश्लेषण पुरं होईतो उत्तर तुम्हालाच ठाऊक नाही. आमच्याकडे हे असायला हवं होतं. गिऱ्हाइकाला हवं ते माप "दिसू लागलेले" तपासनीस मी पाहिले आहेत. म्हणून शून्य येईल की नाही याची चिंता तू करूच नकोस. पुढे जी अनिश्चितता लिहाल, ती प्रामाणिकपणे काढलेली असली म्हणजे झालं. तिथे मात्र कुणी घाई केली तर भांड.

तुमची ती गुप्त संख्या कधी वजा करणार? तारीख कळव. त्याआधी शेव पोहोचली पाहिजे, असं आईचं म्हणणं आहे. लसणाची हवी की लवंगेची, तेही लिही.

तुझा,
बाबा